अकरा दिवसांचे निरोप

शिरगाव, बदलापूर पूर्व
सोमवार, ६ जानेवारी

मोते,

कागद कौसाचा आहे. फाडायचा असेल तर आधी पुरता ऐकून घे, मग फाड. उन्नती, तू वाचतेयस हे मला माहीत आहे. आईच्या डाव्या बाजूला बसू नकोस, तिकडच्या कानाने तिला कमी ऐकू येतं. आणि मधलं काही गाळू नकोस. गाळलंस तर तुझ्या तोंडावर कळतं, लहानपणापासून.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. चार महिने झाले. आता उचललास तरी उपयोग नाही, मला बोलायला त्रास होतो. दिवाळीत जिभेच्या कडेला फोड आला तो गेला नाही. आधी वाटलं फराळाची शेव लागली. मग वाटलं दात लागतोय, तो दात काढला. दात गेला, फोड राहिला. डिसेंबरात धर्मराजने मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे तुकडा काढला. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात.

मोते, तुला माहीत आहे, माझा धर्मराज गोड बोलणारा पोरगा नाही. आईला हाक मारायची तर दारातून ओरडतो. तो आता शेजारी बसून विचारतो, आई, काय खाशील. वृंदाने माझी मिश्रीची डबी फेकून दिली आणि वर मलाच म्हणते, आई, मिळेल हं कुठेतरी. सून इतकी मऊ झाली की समजावं. मी विचारलं, काय निघालं तुकड्यात? तर म्हणे, तोंड आलंय, गरमीचं, गोळ्यांनी जाईल. तोंड आलेल्या बाईची फाइल कपाटाच्या वर, गाद्यांच्या मागे कोण ठेवतं?

वृंदा बाजारात गेली तेव्हा स्टूल घेऊन फाइल काढली. सगळं इंग्रजी. मला त्यातलं माझं वय तेवढं वाचता आलं, सहासष्ट. म्हणून एका कागदाच्या खालच्या चार ओळी मी चित्र काढावं तशा उतरवल्या आहेत. सोबत ठेवल्यात. एखादं अक्षर उलटं पडलं असेल. उन्नती मेडिकलच्या काउंटरला बसते, तिला ही भाषा रोजची आहे.

पण उन्नती, तू मला कळवू नकोस. तू गोड करून सांगशील. मोते, तू वाचून घे तिच्याकडून आणि तू येऊन मला सांग. तुझ्या तोंडून हवं. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारी माणसं इथे घरभर आहेत. तू बोलणार नाहीस. तेवढा राग तुझा माझ्यावर शिल्लक असणार.

तुला वाटेल, हिला कशाला पाहिजे खरं. हिनेच मला अकरा दिवस फसवलं. म्हणूनच पाहिजे. हॉस्पिटलातून घरी आल्यावर, भिंतीवरचा फोटो आणि त्याला हार बघून तुझा चेहरा कसा झाला तो मी बघितलाय. तसा चेहरा घेऊन मला बसायचं नाही.

अंबरनाथ एक स्टेशन लांब. पाकीट म्हणे चार दिवस घेतं. चालत गेलं तरी लवकर पोचेल.

कौसा


शिरगाव
सोमवार, २० जानेवारी

मोते,

उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, आजी, हल्ली पत्र कोण लिहितं, मला फक्त बँकेचे कागद येतात. म्हटलं, मी लिहिते, माझं ने.

संक्रांतीला वृंदाने तिळाच्या वड्या केल्या. मला नुसता तीळगूळ दुधात कालवून दिला. गोड बोला म्हणाली. म्हटलं, मला नुसतं बोलता आलं तरी पुरे. ती आत जाऊन भांडी आपटत बसली, म्हणजे रडत होती. आता पातळ खिचडी, पातळ भात, पातळ सगळं. आपण कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात डबा खायचो तेव्हा तुझ्या सुक्या बोंबलाला मी नावं ठेवायचे. आता वास आला तरी भूक लागते. देव असं उलटं करतो.

परवा पुन्हा मुंबईला नेलं. डॉक्टर तरुण होता. माझ्याशी न बोलता धर्मराजशी इंग्रजीत बोलला. धर्मराज दहावी नापास, तो "येस सर, येस सर" करत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, पुढच्या तारखेला बघू म्हणाले. मग मला बाकावर बसवून पाणी आणायला गेला आणि अर्ध्या तासाने डोळे धुऊन आला. बाटली आणायची विसरला.

नवा कागद लागलाय फाइलीत. त्याच्याही ओळी उतरवल्यात, सोबत आहेत. स्टुलावर चढताना गुडघा वाजला.

मोते, तू गप्प आहेस ते का, मला माहीत आहे. मरण लपवलं म्हणून तू मला निघ म्हणाली नाहीस. ते तू गिळलं असतंस. तुझी छाती फाडून शिवलेली, डॉक्टरच म्हणाला होता, काही वाईट सांगू नका, टाके उघडे पडतील. कोणी ठरवलं, कोणी मला गप्प राहायला सांगितलं, ते सोड. वॉर्डात तुझ्याजवळ मी बसले होते, तेव्हा दोष माझाच.

त्या अकरातल्या पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "कौसे, मना कुकू लाव. भुंडा कपाल घेऊन नाय झोपाची मी." मी म्हटलं, अगं मी रांडाव, माझा हात कशाला लावतेस कुंकवाला, नर्सला सांगते. तू म्हणालीस, "तुज्या हातानी काय व्हनार हाय?" मी लावलं. व्हायचं ते सकाळीच होऊन गेलं होतं. ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेला बुधाजी तिथेच कलंडला, आणि मी त्याच्या बायकोला दुपारी कुंकू लावत होते. असे अकरा दिवस रोज लावलं. केस विंचरले, वेणी घातली, कुंकू लावलं.

आणि तू रोज विचारायचीस, "ह्यो का नाय येत?" मी म्हणायचे, पाय सुजलाय, जिना चढवत नाही. खोटं बोलताना मी तुझ्याकडे बघायचे नाही, वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बघायचे. थेंब मोजायचे. मग तू म्हणालीस, "काय बोलला तरी का?" आणि माझ्या तोंडाला काय झालं देव जाणे. म्हटलं, हो, म्हणाला, मोतीच्या हातची भाकर नाही तर घास उतरत नाही.

तुझा चेहरा असा फुलला मोते. तुला आठवतं का नाही माहीत नाही. तू टाके धरून हसलीस आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईला म्हणालीस, "मेला म्हातारपनी सुदरला."

मग मला थांबता येईना. दुसऱ्या दिवशी निरोप, अंगणातल्या अबोलीला रोज पाणी घालतोय. त्याच्या दुसऱ्या दिवशी, बरी झालीस की एकवीरेला नेतो, पायऱ्या नको, डोलीत बसवतो. रोज एक. चाळीस वर्षांत तुझ्या नवऱ्याने भाजीला मीठ कमी आहे याच्यापलीकडे तुझ्याशी शब्द काढला नाही. मला काय ठाऊक नव्हतं? एक जीन्स दोघींच्या मांडीवर, एक पाय तुझा, एक माझा, धागे कापत बावीस वर्षं हेच तर ऐकलं मी. सिंधी सेठ ओरडायचा, साईं, एक जीन्स एक बाई, दोघी कशाला. आपण ऐकलं नाही. समोरासमोर बसल्याशिवाय बोलणार कशा?

दहाव्याला मी नदीवर होते, तुला तेही सांगितलं नाही. कावळा शिवेना. तुझी पोरं म्हणाली, आईला सांभाळू, तरी शिवेना. शेवटी शेजारच्या पिंडाजवळ कोणीतरी फरसाण ठेवलं, त्याला आलेला कावळा आपल्याकडे वळला. भटजी म्हणाला, इच्छा पुरी झाली. मी मनात म्हटलं, हो, फरसाणाची.

आणि एवढं लिहिते, त्या निरोपांतले एक-दोन त्याचेच होते. सगळे माझे नव्हते.

ये.

कौसा


शिरगाव
रविवार, ९ फेब्रुवारी

मोते,

तुझा कागद मिळाला. मेडिकलच्या कॅलेंडरचं पान फाडून लिहिलंय, मागे जानेवारी आहे. अक्षर उन्नतीचं, शब्द तुझे, ते मला ओळखू येतात. तू सांगितलंस:

"कौसे, तुजा कागूद उन्नतीनी वाचला, दोन्ही. काय निघाला ता मना म्हाईत हाय. तुना सांगाला येन. पन आदी तू सांग. एक-दोन निरोप त्याचं व्हतं बोलतेस, त कंचं? खरा सांग. खोटा लिवलास त उन्नतीला सांगून ठेवलाय, पुडचा कागूद चुलीन घालाचा."

आणि खाली उन्नतीने स्वतःचं लिहिलंय, की मावशी, आईला मी सांगून टाकलं, तुम्हाला गप्प बसायला मीच लावलं होतं. कशाला सांगितलंस गं? तुम्हाला दोघींना एका घरात राहायचंय. मी तर लांब होते, माझ्यावर राग चालून गेला असता. बरं, झालं ते झालं. मोते, तिला बोलू नकोस. बाप मेला त्या दिवशी आईसाठी औषधं विकत घेत फिरत होती ती.

आता तुझा सवाल.

गेले आठ दिवस मी उत्तर लिहून फाडतेय. एकदा लिहिलं, भाकरीचं त्याचं होतं. एकदा लिहिलं, अबोलीचं. अबोलीला खरंच पाणी दिसलं होतं मला, पण ते शेजारीण घालायची. दोन्ही कागद फाडले. तू मला खरं सांगणार आणि मी तुला पुन्हा खोटं लिहिणार, मग तू येऊन काय उपयोग.

एकही त्याचा नव्हता. भाकर माझी, अबोली माझी, एकवीरा माझी, डोली पण माझी. मागच्या पत्रात एक-दोन लिहिलं ते तू यावीस म्हणून लिहिलं. तुझा नवरा काही सुधारला नव्हता. तो होता तसाच गेला.

तू निघ म्हणालीस त्या दिवशी पण असंच विचारलं होतंस. फोटोसमोर बसून, "मंग भाकरीचा कोन बोलला?" मी म्हटलं, मीच. तू रडत नव्हतीस तोवर. नवरा गेल्याचं ऐकून तुझे डोळे कोरडे होते, आणि भाकरीचं ऐकून तू कोसळलीस. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. नवरा एकदा गेला असता. मी आधी तुला दुसरा, गोड बोलणारा दिला, आणि मग दोन्ही नेले.

चांगल्यासाठी केलं असं लिहिणार नाही. तू हसलीस ते मला आवडलं, म्हणून केलं.

आता एक राहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. उन्नतीलाही नाही, ती आता वाचताना ऐकेल.

तुझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुझा टॉवेल आणि कंगवा न्यायला तुझ्या घरी गेले होते. बुधाजी पायरीवर बसला होता. दोन दिवस हॉस्पिटलात आला नव्हता, सगळ्यांनी त्याला नावं ठेवली, मीही ठेवली. म्हटलं, काय रे, बायको तिथे आणि तू इथे कोंबड्या राखतोस? त्याने कोंबड्यांना दाणे टाकले. मी टॉवेल घेऊन निघाले, फाटकाशी पोचले, तेव्हा मागून म्हणाला, "तिला सांग, उद्या येतू. शर्ट इस्त्रीला टाकलाय."

एवढंच. तुझ्या पोराच्या लग्नातला, निळ्या रेघांचा. मळक्या बंडीत दवाखान्यात यायची त्याला लाज वाटत होती म्हणून दोन दिवस घरी बसला होता, असं मला आता वाटतं. पण ते माझं वाटणं आहे, त्याने सांगितलेलं नाही. त्याचे शब्द लिहिले तेवढेच.

उद्या उजाडला आणि तो सकाळी गेला. मग उद्या येतो हा निरोप मी कुठल्या तोंडाने देणार होते? अकरा दिवसांत तुला अकरा निरोप दिले, खरा एक होता तोच देता आला नाही.

चौथ्या दिवशी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याने मला हाक मारली. बुधादादांचा शर्ट पडून आहे म्हणाला. मी घेतला. तुझ्या घरात ठेवला असता तर कुणीतरी त्याच्या कपड्यांबरोबर देऊन टाकला असता. माझ्या ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही. पोस्टाने पाठवणार नाही. ज्या पोस्टाला एक स्टेशन जायला चार दिवस लागतात त्याच्या हाती मी तो देणार नाही. येऊन घेऊन जा.

हे खरं आहे. चुलीत घालायचं तर घाल.

कौसा


शिरगाव
गुरुवार, २० फेब्रुवारी

मोते,

तू मंगळवारी येऊन गेलीस आणि मी तुझ्याशी दहा शब्दही बोलले नसेन. तोंडाला फडकं धरलेलं, लाळ थांबत नाही. म्हणून जे राहिलं ते लिहिते. उन्नती, शेवटचं वाचून दाखव आणि मग कामाला जा.

तू शेअर रिक्षातून उतरलीस ती मी खिडकीतून बघितली. एका हाताने छाती धरून, एका हातात पिशवी. तुझ्या कपाळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण पहिलं तेच बघितलं.

वृंदा चहा ठेवायला उठली तर तू म्हणालीस, "पोरी, मना कौसाशी बोलाचा हाय. तू जरा भाजी आन." दुपारी दीड वाजता कुठली भाजी. पण ती गेली. तिला कळलं असणार, आणि मला वाटतं तिला हायसं वाटलं. दोन महिने ती गोड बोलून थकली आहे.

मग तू पदर खोचलास आणि सांगितलंस. धागा कापायचीस तसं, एका कटात. "कौसे, कॅन्सर हाय. जिबेचा गल्यान उतरलाय. कापनार नाय ते, कापून कामाचा नाय. तीन मयने, नायतर चार."

मी बोटांवर मोजलं, वैशाख. फडकं बाजूला करून विचारलं, किर्तीच्या बारावीचे पेढे बघेन का? माझी नात आहे, नाहीतर विचारलं नसतं. तू म्हणालीस, "सांगता येत नाय." बरं केलंस. बघशील म्हणाली असतीस तर मी तुझा पुढचा शब्द खरा धरला नसता.

एक फायदा झाला. कापणार नाहीत म्हणजे माझी जीभ माझ्याबरोबर जाणार. धर्मराजला हे लिहून दाखवलं तर तो हसायच्या ऐवजी स्वयंपाकघरात गेला. ह्या घरात माझ्या विनोदाला हसणारं कुणी उरलं नाही.

त्याला आणि वृंदाला मी सांगितलं, मला कळलंय, फाइल खाली काढा. धर्मराजने फाइल टेबलावर ठेवली आणि त्या दिवसापासून तो पुन्हा दारातून ओरडायला लागला. फरक तेवढाच. बरं काही व्हायचं नाही, वेदना आहे तिथे आहे, पण घरात मी वारल्यासारखं जे चाललं होतं ते थांबलं.

शर्ट मी ट्रंकेतून काढून दिला तेव्हा मला वाटलं होतं तू रडशील, नाहीतर पिशवीत टाकशील. तू मांडीवर पसरलास. घडीच्या रेघा तशाच होत्या. उलटा केलास, शिवण बघितलीस, आणि एक बाही माझ्याकडे सरकवलीस.  मी माझा जुना कटर काढला, तो डबीत होता. एक बाही तुझी, एक माझी. तुझ्या बाहीला काही नव्हतं. माझ्या कफाला एक धागा लोंबत होता, बटणाखाली. मी कापला. कटर कापडाला लागू दिला नाही.

मग तू म्हणालीस, "उद्या येतू बोललेला, ना?" मी मान हलवली. तू पुन्हा विचारलंस, तोच शब्द बोललेला का. मी पुन्हा मान हलवली. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. शर्ट त्याच घड्यांवर घडी घातलास.

आता दोन गोष्टी. एक, मी गेल्यावर लोक तुला विचारतील, कौसा शेवटी काय बोलली. काही बोलली नाही म्हणून सांग. धर्मराजला नाही, किर्तीला नाही, माझ्या नावाने कुणाला गोड निरोप द्यायचा नाही. मला जे द्यायचं ते मी ओरडून दिलंय. माझं बघून तू शिकली असशील म्हणून बजावते.

दुसरी. जाताना दारात तू वळलीस आणि म्हणालीस, "दुखाचा नाय, कौसे. उन्नतीनी इचारलाय. गोल्या देतान ते, मंग शेवटी काय दुखाचा नाय."

हे म्हणताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पंख्याकडे बघितलंस.

दुखतं मोते. गोळी घेऊन दोन तास होत नाहीत तोवर दुखतं, आणि आता तर सुरुवात आहे. तुलाही माहीत आहे, उन्नतीने तुला ते नक्की सांगितलं असणार. मी सलाईनचे थेंब अकरा दिवस मोजलेत. पंख्याकडे बघणारी बाई मला ओळखू येते.

मान माझी हलत होती. नाही म्हणून हलवता आली असती.

पुढच्या मंगळवारी ये. आणि बघ, मी तुला निघ म्हटलं नाही.

कौसा